वाळूत ठेवलेला वाटा

उडुपी,
६ नोव्हेंबर १९९४

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि. रागात लिहिते आहे, तेव्हा अक्षराकडे बघू नका.

कॉलेजच्या प्रबंधासाठी मी इथल्या मोगवीर कोळ्यांच्या रापणीवर, किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि आवडत नाही. सात रविवार वही घेऊन वाळूत बसले. बायका मला शिरगणतीवाली म्हणत. आज आठव्या रविवारी म्होरके कुट्टी कुंदर म्हणाले की लिहून लिहून जाळं वर येत नसतं, दोराला हात लाव. दोन तास ओढलं. तळहात सोलवटले, पण अप्पा, इथे आल्यापासून इतकी खूश मी झाले नव्हते.

मग मासळीचे वाटे घातले. जो दोर ओढेल त्याला वाटा, मग तो म्हातारा असो की पाहुणा. वाळूत माझाही वाटा मांडला होता, चांगले दहा-बारा बांगडे. मी हसत म्हटलं की आम्ही खात नाही, कुणालाही देऊन टाका. बस्स, एवढंच! इतके दिवस आपल्या हंडीतली पेज मला वाढणाऱ्या जलजक्काने तोंड फिरवलं. कुंदर म्हणाले की आमच्यातलं कुणी वाटा वाळूत टाकून जात नाही. तमाशा बघायला आली होतीस तर तसं सांगायचं, आता पुन्हा दोराला शिवू नकोस.

मी यांचं काय घोडं मारलं होतं? लिंगायताची मुलगी मासे नको म्हणते, यात अपमान कसला? आता प्रबंध चुलीत गेला, पण त्याहून त्या माणसांनी मला हाकललं हेच जास्त लागलंय. तुम्हीच सांगा, चूक कुणाची?

आईला नमस्कार. तुम्ही तरी लोभातून हाकलू नका.

तुमची,
शिवलीला

दावणगेरे,
११ नोव्हेंबर १९९४

चि. शिवलीलेस,
अनेक उत्तम आशीर्वाद; त्यातले आजच्यापुरते निम्मे वजा कर.

मी भडकलो आहे. तुझ्या आईला सांगून ठेवलंय की मुलगी समुद्रावर हवा खायला जाते. आता हे खोटं मलाच निभवायचं आहे. मासळीच्या दोराला हात लावताना घराणं आठवलं नाही आणि वाटा समोर आल्यावर बरं आठवलं! चूक कुणाची म्हणून विचारतेस? तुझी. आणि ती तू कुणाकडून उचललीस, तेही सांगतो.

पहिल्या नोकरीला खेड्यात मास्तर म्हणून गेलो, तेव्हा चांभारवाड्यातल्या हनुमंतप्पाने माझ्या वहाणा शिवून दिल्या. मी उन्हात उभा होतो, म्हणून त्याच्या बायकोने तांब्याभर ताक आणलं. मी म्हटलं, मला उपास आहे. वार बुधवार होता. तिने तांब्या परत आत नेला. पुढच्या महिन्यात वहाणेचा अंगठा तुटला, तर ती हातातही न घेता तो म्हणाला की मास्तर, तालुक्याला जा. तीन मैल अनवाणी गेलो आणि वाटभर त्यालाच शिव्या घातल्या. बत्तीस वर्षं हेच म्हणत आलो की मी त्याचं काय घोडं मारलं होतं. तुझ्या पत्रात माझंच वाक्य वाचलं आणि चष्मा आपटला. फुटला.

तुझ्याकडे निदान कारण तरी होतं. ताक मला चालत होतं. खाऊ नकोस, पण घे. घेणं जमणार नसेल, तर त्या किनाऱ्यावर पुन्हा पाऊल टाकू नकोस.

राग सरला की लोभ करावा.

अप्पा

उडुपी,
२७ नोव्हेंबर १९९४

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि. नवा चष्मा केलात का?

हनुमंतप्पांचं आधी का नाही सांगितलंत? याचा मला फार राग आला आहे आणि तो इतक्यात जाणार नाही.

गेल्या रविवारी गेले आणि नुसती उभी राहिले. बायका म्हणाल्या की बघा, सोवळी वही आली. आज जाळ्यात शेवाळ भरलं, हात कमी पडले, तेव्हा कुंदरांनी माझ्याकडे न बघता विचारलं की उभी काय राहिलीस, पत्रिका छापू का? धावले. वाट्याला चार बांगडे आले. ओंजळीत घेतले. शिसारी आली, खोटं कशाला सांगू, पण सोडले नाहीत. जलजक्काने पाटी पुढे केली आणि म्हणाली की टाक यात, बाजारात विकून येऊ.

बसमध्ये चढलो, तर कंडक्टर खेकसला की मासळीवाल्या खाली उतरा, घाण करता. एक बाई नाकाला पदर लावून माझ्याकडे बघत होती, अगदी आपल्या आईसारखी. माझं डोकंच फिरलं. मी ओरडले की आम्ही रोज याच बसने जातो, तिकीट काढून जातो, आम्हाला उतरवून दाखव. त्याने दाखवलं. पाट्यांसकट रस्त्यावर उतरवलं. जलजक्का धुळीत बसून पोट धरून हसली. विचारते कशी, की रोज कुठे जातेस गं तू? मग डोळे पुसून म्हणाली की इतके दिवस तुझ्याकडे आमची माहिती होती, आज आमच्यासारखा रागही आला.

आम्ही चालत गेलो. प्रबंधाची पानं आता वाचवत नाहीत. सगळीकडे ते लोक, ते लोक असं लिहून ठेवलंय. पहिल्यापासून लिहीन. मुदत महिन्याची आहे.

लोभ आहेच, तो वासासकट असू द्यावा.

शिवलीला

दावणगेरे,
२ डिसेंबर १९९४

चि. शिवलीलेस,
आशीर्वाद, आज पुरेपूर.

पत्राला मासळीचा वास येतोय म्हणून तुझ्या आईने ते ओसरीवर वाळत घातलं आणि मग सगळं वाचलं. ती माझ्याशी बोलत नाही. तुलाही पत्र येईल, जपून उघड.

उद्या पहिल्या गाडीने त्या गावी निघालो आहे. हनुमंतप्पा आहे की गेला, ठाऊक नाही. असला तर दारातूनच हाकलेल, आणि बरोबरच करेल. तरी मी उभा राहणार आणि तांब्याभर ताक मागणार आहे. उद्या शनिवार. मला उपास नाही.

अप्पा