सुभद्राची चोळी उलटीच टांगावी

डोळे नाही गेले माझे. अजून बी सुई मीच ओवतो, कोणाले हाक मारत नाही. डोकं बी जाग्यावर हाय, अन् कोणी दाबून लिहून घेऊन नाही राहिलं. मी नत्थुजी, धंदा शिंपीकाम अन् रफू, राहणार बाळापूर, वय साठीच्या वर. मागून भांडण नको म्हणून लिहून ठेवतो.

घर अन् दुकान माझ्या बायकोचं, मैनाबाईचं. तिच्या मागं नात सत्यभामाचं. तिसऱ्या कोणाचं नाही.

कैची अन् सुयांची डबी शेजारच्या कुर्बान रफूगराले. चाळीस वर्सं आमी एकमेकाच्या कामाले नावं ठेवली. कैचीले धार त्यानंच लावावी, बोथी त्यानंच केली.

अकोल्याच्या जवायाले काही नाही. कारण एकदाच लिहितो.

गिऱ्हाईकाचं कापड हाती आलं का मी आधी उलटं करतो. भोक कशानं पडलं ते उलट्या बाजूनं समजते. मग रफू करा, नाहीतर वरून फूल भरून झाका. हे काम सुभद्राले, माझ्या एकुलत्या पोरीले, मीच शिकवलं. कापसाच्या तेजीत तिले अकोल्याच्या दलालाले देल्ली. दर आखाजीच्या सणाले माहेरी ये, अन् दर खेपेले चोळीवर नवं फूल.

मैनाबाई म्हणे, "सारा गाव नवं कापड घेऊन राहिला, अन् आपली पोर जुनीच चोळी लेऊन काहून येते?"

मी म्हटलं, "तुले काय समजते? हात पाह्य पोरीचा."

एकदा धुतलेली चोळी दोरीवरून काढून मी उलटी करू गेलो. सुभद्रानं हात धरला. "बाबा, उलटी नका करू. टाके वाकडे हायेत."

"शिंप्याची पोर, अन् टाके वाकडे?" मी हासलो, अन् चोळी देऊन टाकली.

पेठेतल्या बाया तशीच फुलं मागत, त्याच जागी. खांद्यावर एक, दंडावर दोन. धडधाकट कापडावर मी भरून देल्ली.

औंदा पौषात निरोप आला, सुभद्रा तापानं गेली. मागून कपड्याचं गाठोडं आलं. तवा मी चोळी उलटी केली. सात फुलं, सात भोकं. उंदरानं खाल्लेली नाही, झिजलेली नाही. कडा काळ्या, जळक्या, बोट लागलं का चुरा होये.

टाके सारे सरळ होते.

सत्यभामा सहा वर्साची, आमच्यापाशी हाय. जवायानं न्याले माणूस धाडला, मी वापस लावला. माझ्या मागं आला तरी पोर देऊ नये.

चोळी माझ्यासंगं जाळू नये. दुकानात टांगावी, उलटी. कोणी इचारलं तर सांगावं.

सत्यभामाच्या कपड्याले भोक पडलं तर फूल भरू नये. भोक दिसू द्यावं, अन् तिले इचारावं, कशानं पडलं.

सही नत्थुजी, आपल्या हातची.
साक्षीदार: कुर्बान रफूगर. जानराव, समोरचे किराणावाले.
मुक्काम बाळापूर, फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १७९२.

कुर्बान म्हणून राहिला, सुभद्राबद्दल दोन चांगले शब्द तरी लिही. नाही लिहीत.