ऐकून घे

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा चेहरा आठवायचा तर आधी तुमचं स्वयंपाकघर आठवावं लागतं. हिंगोलीच्या मिशन शाळेमागची ती एक खोली, धुरानं काळा झालेला कोनाडा, सुपात तूर घेऊन बसलेल्या तुम्ही आणि समोर मोठ्यानं वाचणारी मी. आमचं घर मेंढरांचं. थंडीत माझा बाप शाळेमागच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला यायचा. खिडकीबाहेर उभी राहून मी फळ्यावरची अक्षरं गिरवते हे तुम्ही वर्गात शिकवता शिकवता पाहिलंत आणि त्याला म्हणालात, हिला इथं ठेवा. बापानं फार विचार केला नसावा. थंडी सरली, मेंढरं पुढं गेली आणि मी राहिले.

तुमचे यजमान पाद्री होते. त्यांच्याकडून तुम्ही थोडी इब्री, म्हणजे जुन्या बायबलची मूळ भाषा, शिकला होता आणि ती माझ्यावर जपून, पुरवून पुरवून खर्च करायचात. एका दुपारी बायबलातल्या पहिल्या राजाची गोष्ट काढलीत. म्हातारा संदेष्टा त्याला देवाचा हुकूम सांगतो, की शत्रूचं काही मागं ठेवू नकोस, गुरंढोरंसुद्धा नाही. राजा लढाई जिंकतो, चांगली चांगली मेंढरं राखून ठेवतो आणि वर म्हणतो, मी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. म्हातारा विचारतो, मग माझ्या कानांवर हे मेंढरांचं ओरडणं कसलं येतंय? तुम्ही मला सांगितलंत की मूळ इब्रीत ‘ऐकणं’ किंवा ‘आवाज’ हा शब्द आला की मी बोट वर करीन, तू तुरीचा एक दाणा जमिनीवर ठेव. आरंभी दाणा पडला, कारण देवाचा आवाज ऐक असं राजाला सांगितलं होतं. मधोमध पडला, तो मेंढरांच्या आवाजासाठी. शेवटीही पडला, कारण राजा कबूल करतो की मी लोकांना भ्यालो आणि त्यांचा आवाज ऐकला. भाषांतर करणाऱ्यांनी कुठं आज्ञा, कुठं शब्द, कुठं ओरडणं असं वेगवेगळं लिहिलंय, मुळात सगळीकडे तेच दोन शब्द आहेत, असं तुम्ही म्हणालात. “त्यांच्यात कानानं ऐकणं आणि सांगितलेलं मानणं याला एकच शब्द. आपल्यातही तसंच की. पोर ऐकत नाही म्हणतो, तेव्हा ती बहिरी असते का?”

मी मात्र मेंढरांपाशीच अडकले होते. “बाई, चांगली मेंढरं राखली तं त्याचं काय चुकलं? माझ्या बापानंबी राखली असती.” तुम्ही सूप खाली ठेवलंत. “तुला मेंढरं दिसतात, मला राजा दिसतो. राखली ती राखली, पण ‘मी ऐकलं’ असं तोंड वर करून म्हणाला. ते खोटं होतं. त्याची बाजू घेऊ नकोस.” इतक्या कडक आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हता. तरी मला पटलं नव्हतं.

पुढं निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष आलं. रोज कुठल्या तरी गावची वाईट बातमी यायची. लोक कनेरगाव नाक्यावरून पलीकडे, निजामाच्या हद्दीबाहेर, वाशीमच्या मुलखात बायकापोरं पाठवत होते. अशात एके सकाळी बाप मेंढरांशिवाय आला, तेव्हाच मी ओळखलं. नाक्यापलीकडचं स्थळ आणलं होतं, बिजवर, पण खाऊनपिऊन सुखी. मी सातवीच्या परीक्षेला बसणार होते. पास झाले तर शिकवायचं काम मिळेल असं तुम्हीच सांगितलं होतं. आता गेले असते तर पुन्हा पुस्तक हातात येणार नव्हतं. मी धावत आत आले. तुम्ही चुलीपुढं भाकरी थापताय. मी म्हणते, बाई, काय करू? तुम्ही मागं न वळता म्हणता, “बापाचं ऐकून घे.”

मी बाहेर जाऊन त्याच्यासमोर बसले आणि ऐकून घेतलं, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. तो वाईट बोलत नव्हता. “दिस खराब हायेत, लेकरा. तू पल्याड गेली म्हंजे माझा जीव खाली पडंल. मी काय तुला तकलीफ द्यायला आलो व्हय?” त्याचं बोलणं संपल्यावर मी म्हणाले, “ऐकलं.” तो समाधानानं उठला, पागोटं नीट केलं आणि होकार कळवायला नाक्याच्या वाटेला लागला. मी त्याला थांबवलं नाही.

आठवड्यानं तो नवऱ्यामुलाच्या चुलत्याला घेऊन आला. शाळेच्या ओसरीवर घोंगडी अंथरली, सुपाऱ्या फुटल्या आणि मी नाही म्हणाले. बापाचा चेहरा उतरला. “त्या दिशी ऐकलं म्हनली व्हतीस न्हाई का?” मी म्हणाले, “ऐकलं म्हनले. करते म्हनले न्हाई.” चुलता उठून चपला शोधायला लागला. बापानं तुमच्याकडे पाहून हात जोडले. “बाई, तुमीच सांगा हिला. तुमचं बराबर ऐकते ती.” आता तुम्ही एक शब्द बोलला असता तर मला जावं लागलं असतं, कारण माझा मुक्काम तुमच्या चुलीपाशी होता. तुम्ही पदराला हात पुसलेत आणि म्हणालात, “मी तिला ऐकून घे म्हणाले होते. तिनं ऐकून घेतलं.” मग पाहुण्यांसाठी चहा ठेवायला आत गेलात.

मी परीक्षा दिली. त्या धामधुमीत मला काही झालं नाही, पण ते आधी बापाला कुठं ठाऊक होतं? त्या थंडीत तो शाळेमागच्या रानात आला नाही. पुढच्या थंडीत मेंढरं घेऊन आला, तोवर तुम्ही तापानं गेला होता. तो ओसरीवर बराच वेळ बसला आणि तुमच्याबद्दल एवढंच म्हणाला, “बाई लई चांगली व्हती, पर पोरगीला कडक न्हाई बोलली.”

मी जन्मभर मास्तरीण राहिले. ती गोष्ट वर्गात कितीदा तरी शिकवली, दाणे ठेवायला लावून. मुलींना सांगते, पाहा, शब्द कसा फिरून फिरून राजाला गाठतो. त्या लिहून घेतात, आज्ञा पाळावी. मी खोडत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. चुलीकडे तोंड करून तुम्ही बोललात तेव्हा मी तुमचा आवाज नीट ओळखला होता, बाई. तुम्ही मला जा म्हणत होता. आणि ओसरीवर त्या दिवशी, सगळ्यांसमोर, खोटं बोललात.