गोरेपणाचं क्रीम

ताई,

नमस्कार लिहायला हात वळत नाही. तू दिलेलं क्रीम मी दोन वर्षं चोपडलं. चेहरा लाल होऊन सालं निघू लागली, तेव्हा म्हणालीस, "तुझं पथ्यच नीट नाही." बँकेतल्या साहेबांनी मला काउंटरवरून उठवून मागच्या खोलीत बसवलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यात स्टेरॉइड आहे. बंद केल्यावर आधी आग वाढेल." वाढली. आठ महिने सोसलं. सोमवारी चट्ट्यांसकट काउंटर परत मागून घेतला.

काल तुझ्या लेकीच्या गालांवर तेच चट्टे दिसले. म्हणाली, "आईनेच दिलं क्रीम, मावशी." मी तिला थेट डॉक्टरांकडे नेलं. तुला विचारलं नाही, यापुढेही विचारणार नाही.

हे पत्र पाठवत नाही. तू ते चारचौघांत हसत वाचशील.

तुझी म्हणवत नाही,
धाकटी