केबलवरचा तुमचा फोटो

मामंजी, तुमच्याबद्दल मला चार ओळी लिहून द्यायच्या आहेत आणि सकाळपासून एकही जमलेली नाही. तुमची नात आता आपल्या मसाल्याचं सगळं मोबाईलवर बघते. फोटो टाकते, गिऱ्हाइकांचे निरोप वाचते, पुण्या-मुंबईकडच्या ऑर्डरी घेते. काल म्हणाली, आई, हा मसाला सुरू कसा झाला ते लोकांना सांगू, नुसती पिशवी दाखवून कोणी थांबत नाही, माणूस दिसला की थांबतात. आजोबांचा तो जुना फोटो टाकू या, केबलवर यायचा तो. मी म्हणाले, थांब जरा. ती थांबली, पण का थांबायचं ते मी तिला सांगितलं नाही. चार ओळी लिहायला वही उघडली आणि त्यातून हे पत्र निघालं.

नगरला सावेडीतलं आपलं दोन खोल्यांचं घर मला आजही वासानं आठवतं. चुलीशेजारच्या फळीवर माझे धने, दगडफूल, खोबरं, आणि खालच्या फळीवर तुमचे रंगाचे डबे. टर्पेंटाइन आणि भाजलेला मसाला, दोन्ही वास एकमेकांत मिसळलेले. तुमचा मुलगा काविळीनं गेला तेव्हा तेराव्याला गावाकडची, तिसगावची मंडळी बसली होती. मला माहेरी पोचवायचं आणि लेकीला इथं ठेवायचं असं त्यांचं चाललं होतं. तुम्ही कोपऱ्यात ब्रश पुसत होता. मान वर न करता म्हणालात, "ती कुठं जायची न्हाई. माझ्या पाट्या कोन वाचून दाखवील?" मंडळी संध्याकाळच्या एसटीनं परत गेली. खरं तर तुम्हाला कोणी वाचून दाखवायची गरज नव्हती. चाळीस वर्षं नगरच्या दुकानांच्या पाट्या तुम्हीच रंगवलेल्या. पण त्यानंतर खरोखरच दुकानदारानं पाटीसाठी दिलेली चिठ्ठी मी वाचायची आणि तुम्ही लिहायचात. मी चौथी पास. अडखळले की तुम्ही ब्रश थांबवायचात, पण शब्द सांगायचा नाहीत. पुढे वाचनालयातून पुस्तकं आणून देऊ लागलात. आज मी जे काही वाचते ते तुमच्या त्या थांबण्यामुळे.

मग कॉम्प्युटर आले. दुकानांवर प्लॅस्टिकची कापलेली अक्षरं लागली आणि तुमच्याकडं चिठ्ठ्या येईनाशा झाल्या. तोवर माझा काळा मसाला गल्लीत खपायला लागला होता. कोणीतरी सुचवलं, केबलवर जाहिरात दे. दुपारच्या सिनेमात मध्येच पाटी यायची, काही क्षण थांबायची, जायची. पाटी तयार करून देणारा कॉम्प्युटरवाला म्हणाला, फोटो लागेल, फोटोशिवाय लोक बघत नाहीत. माझा फोटो टाकायचा प्रश्नच नव्हता. कपाळावर कुंकू नसलेली बाई तेव्हा जाहिरातीत कोण बघणार? तुमचा एक फोटो होता, एसटीच्या सवलतीच्या कार्डासाठी काढलेला, टोपी घातलेला, मिशा पांढऱ्या. मी भीतभीत विचारलं. तुम्ही हसलात. "जल्मभर दुसऱ्याची नावं लिवली. आता माझं तोंड टांग."

पहिल्याच दिवशी काय झालं ते आठवतं का? लंबगोलात फोटो, भोवती लाल किनार, खाली मसाल्याचं नाव आणि शेजारच्या बाईंच्या फोनचा पी.पी. नंबर. त्या केबलवर असे फोटो येत ते बहुतेक श्रद्धांजलीचे. तिसगावचे तुमचे शिंपी दोस्त तेव्हा इथं लेकीकडे आले होते. चष्मा नव्हता, अक्षरं दिसली नाहीत, फोटो तेवढा दिसला. टोपी हातात धरून, रडत ते आपल्या दारात आले, तर तुम्ही ओट्यावर चहा पीत बसलेले. तुम्ही सरकून जागा केली. "बस. माझ्या मातीला आलास, तर चहा तरी घेऊन जा." त्या आठवड्यात आणखी चार-पाच जण असेच आले आणि हसत परत गेले. मग सगळ्यांना कळलं. चौकात तुम्हाला 'मसाल्यातला म्हातारा' म्हणायला लागले. तुम्ही भाजी आणायला गेलात तरी कोणीतरी विचारायचं, काय बाबा, आज दुपारी सिनेमात होता ना? मसाला खपत होता. मी खूश होते.

दिवाळीच्या आधी तुम्ही मला सांगितलं, ती पाटी बदल. मी विचारलं, का? तुम्ही म्हणालात, "रोज दिसली की पाटी दिसत न्हाई गं. आमी दिवाळीला पाट्या रंगवायचो ते काय रंग गेला म्हनून? लोकांची नजर मेल्याली असती." आणि मग जरा चाचरत म्हणालात की डेपोच्या वळणावर एक चांगली भिंत आहे, मालक ओळखीचा आहे, निळ्यावर पिवळी अक्षरं काढतो, बघ तरी. मी मसाला चाळत होते. चाळणी न थांबवता म्हणाले, "मामंजी, आता भिंती कोण वाचतं?" तुम्ही खाली बसून कोरडाच असलेला ब्रश धुतलात.

दोन वर्षं तीच पाटी चालली. माघातल्या एका सकाळी तुम्ही अंघोळ करून ओट्यावर बसलात आणि मी चहा घेऊन येईपर्यंत गेला होतात. चहा माझ्या हातात तसाच होता. शेजारच्या बाईंनी खिडकीतूनच तिसगावला फोन लावून दिला, मग मी कॉम्प्युटरवाल्याला लावला. श्रद्धांजली केबलवर लगेच जायला हवी होती, म्हणजे दुकानदार वेळेवर येतील. त्यानं विचारलं, फोटो कोणी घेऊन येतंय का? मी म्हणाले, "तुमच्याकडं आहेच की."

एवढंच बोलले मी, मामंजी. माझ्या ट्रंकेत दुसरा फोटो होता. पाटी रंगवायच्या बांबूच्या परांचीवर तुम्ही, हातात ब्रश, आणि खाली रंगाचा डबा धरून उभा तुमचा मुलगा. तो दोन गल्ल्या पलीकडे नेऊन द्यायचा होता. मी नेला नाही. त्यानं तोच लंबगोल, तीच लाल किनार ठेवली, खालचा नंबरही तसाच, फक्त अक्षरं बदलली. अकरा वाजल्यापासून पाटी लागली. शेजारच्या बाईंच्या टीव्हीवर मी ती खिडकीबाहेरून स्वतः पाहिली आणि मलाही क्षणभर मसालाच आठवला. तरी मला कळलं नाही.

चार वाजेपर्यंत तुम्हाला ठेवलं होतं, बाजारातली माणसं येतील म्हणून. आपल्यात बायका अमरधामात जात नाहीत. मी दारातूनच बघितलं. अकरा माणसं होती, त्यातली सात तिसगावची. खांदा बदलायला माणूस मिळेना म्हणून तुमच्या पुतण्यानं वळणापर्यंत तसंच नेलं. त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या दुकानांवर अजून तुमची अक्षरं होती आणि दुकानं उघडी होती.

महिन्याभरानं एक हार्डवेअरवाले मला त्यांच्या दुकानात भेटले. त्यांची पाटी तुम्ही तीनदा रंगवलेली. म्हणाले, बाबा दिसत नाहीत हल्ली? मी सांगितलं तेव्हा ते गल्ल्यावरून उठून उभे राहिले. "वहिनी, पाटी पाहिली हो मी. मसाल्याची म्हणून जेवत बसलो." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्यावर मला रागावता आलं नाही. त्यांची नजर मेलेली होती, आणि ती मारली होती मी. तुम्ही मला वेळेवर सांगितलं होतं.

त्यानंतर मी कधी केबलवर जाहिरात दिली नाही. डेपोच्या वळणावरची ती भिंत पुढे पडली, तिथं गाळे झाले. आता तुमच्या नातीला मी ट्रंकेतला फोटो काढून देणार आहे, परांचीवरचा. एसटीच्या कार्डाचा देणार नाही. सोबत चार ओळी देईन, हे पत्र देणार नाही. आणि तिला सांगीन की फोटो बदलत राहा. ते कुठून शिकले ते तिनं विचारलं तर सांगीन, आजोबांकडून.

एक मात्र मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी हाक मारली, तुझा फोन आहे. श्रद्धांजलीची पाटी तेव्हा अजून चालू होती. सुतकात मी दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकत नव्हते, तर त्यांनी वायर ताणून फोन खिडकीपाशी आणला. पलीकडे कोणी अनोळखी बाई. म्हणाली, "आजोबांचा मसाला ना? दोन किलो ठेवा. आणि आजोबांना सांगा, मागचा जरा तिखट झाला होता." तिच्या घरी टीव्ही चालू असल्याचा आवाज येत होता. तिला खरं सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "सांगते हं." मी फोन ठेवला नाही. तिनं ठेवेपर्यंत कानाला धरून उभी राहिले, कारण मला तेव्हा वाटलं, सगळ्या नगरात ती एकटीच आहे जिच्यासाठी तुम्ही अजून घरात आहात.

तिला सांगते म्हणाले आणि इतकी वर्षं राहूनच गेलं. मामंजी, मागचा मसाला जरा तिखट झाला होता.