मे महिन्यात हिवाळ्याची गोष्ट

बुधवार, २ मे २००१. सकाळी ६.१०
ओट्यावर बसून पहिल्या प्रकरणातल्या शब्दांवर पेन्सिलीने उच्चार लिहीत होतो. चहा निवला. शाळेला कालपासून सुट्टी. आता जूनअखेरपर्यंत घंटा वाजवायची नाही, लायब्ररीच्या कपाटांची कुलुपं ओढून पाहायची नाहीत. (तरी काल संध्याकाळी एकदा जाऊन पाहून आलो.)

आजपासून रोज वडनेर. इंग्रिडआजींचा भाचा २४ तारखेला स्वीडनहून येतो आहे, त्यांना कायमचं घेऊन जायला. त्याच्या आत त्यांना पुस्तक वाचून दाखवून व्हायला हवं. प्रकरणं चौदा. आजींच्या लहानपणचं पुस्तक, पाठीचा पुठ्ठा सुटलेला. गेल्या दिवाळीपासून त्यांना अक्षर दिसत नाही. स्वीडिश वाचू शकणारा तालुक्यात मी एकटा, दोन वर्षांत आजींकडेच शिकलेला, आणि तोही मॅट्रिक. भीती वाटते.

रात्री. प्र. १ झालं. फार अडखळलो. 'तळं' या अर्थाच्या शब्दाचा पहिला उच्चार काही केल्या येत नाही. आजी म्हणाल्या, "गरम चहावर फुक मारते ना, तसं म्हण." तसं म्हटलं. जवळ गेलो म्हणाल्या. चूक झाली की रागावत नाहीत, फक्त "एन गोंग तिल" म्हणतात. म्हणजे आणखी एकदा.
"वाच रे बापू, थांबू नको. चुकला तं मी आहो ना."
एकतीस वर्षं वडनेरला काढली आहेत. नवऱ्याने तिथे हातमाग सुरू केले, ते सहा वर्षांपूर्वी वारले. मागच्या अंगणात कडुलिंबाखाली त्यांच्या नावाचा दगड आहे. आजींची मराठी अशी की फोनवर ऐकली तर कोणी म्हणेल वडनेरच्या पाटलीणबाई.

शनिवार, ५ मे
बसला उशीर म्हणून गजूच्या पानठेल्यावर थांबलो. गजू पानासोबत हिंदी तिलस्मी कादंबऱ्या भाड्याने देतो. चौथा भाग परत केला, पाचवा घेतला. चौथा फार आवडला. चाळीस दरवाजांची इमारत, प्रत्येक दरवाजा आधीच्या दरवाजातल्या माणसाच्या नावाने उघडतो. लेखकाने एवढी नावं कशी लक्षात ठेवली असतील? मी कागदावर लिहून ताडून पाहिली. एकही चुकलेलं नाही. अशा माणसाला नमस्कार करावासा वाटतो.
गजू: "स्वीडन स्वीडन करून राह्यला, तिथं कोनी पोरगी पाह्यली का बे?"
मी: आजींना गोष्ट वाचून दाखवतो.
गजू: "म्हंजे तिचीच गोष्ट तिलेच सांगते? थ्या गोष्टीत ऐयार हाये का?"
वेश पालटणारा हेर? नाही म्हटलं.
"मंग काय कामाची."
प्र. ३ झालं.

मंगळवार, ८ मे
ऊन फार. वडनेरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा डांबराला चप्पल चिकटत होती, आणि पिशवीत प्र. ५, ज्यात तळं गोठतं.

गोष्ट थोडक्यात लिहून ठेवतो. एका देशात हिवाळा जातच नाही. आल्वा नावाची मुलगी आणि नावेचा म्हातारा मालक मात्स ठरवतात की हिवाळाच नावेत घालून पल्याड नेऊन टाकायचा, थोडा थोडा, खेपा करून. पण पल्याडचे लोक फुकट उतरवून घेत नाहीत. प्रत्येक खेपेला आल्वाला आपलं काहीतरी द्यावं लागतं. आधी सावली. मग आईने शिकवलेलं गाणं. आज तिने स्वतःचं हसू दिलं, आणि लेखिका एवढंच लिहिते की परत येताना नाव हलकी होती. बस. पुढे एक ओळही रडारड नाही. मी ते वाक्य तीनदा वाचलं, आजींनी सांगितलं नव्हतं तरी.

बर्फासाठी त्यांच्याकडे किती शब्द! मी बर्फ पाहिला तो फक्त रसवंतीवर, भुशात गुंडाळलेली लादी. स्वीडिशचा अर्थ इंग्रजी कोशात, इंग्रजीचा मराठी कोशात, आणि मराठीत सगळीकडे 'बर्फ'. आजींनी समजावलं: ताजा पडलेला म्हणजे जिनिंगमधल्या रुईच्या ढिगात पाय जातो तसा. वरून कडक झालेला म्हणजे भाकरीचा पापुद्रा. आता कळलं. कोशात हे नाही.

निघताना त्यांनी ताक दिलं. मी "ताक" म्हटलं. त्यांच्या भाषेत ते आभार. हा विनोद आम्ही दोन वर्षं करतो आहोत, दोघंही अजून हसतो.

शुक्रवार, ११ मे
आज घरी गोंधळ. आईने गच्चीवर कुरडया घातल्या आणि मला राखणीला बसवलं. मी प्र. ७ मोठ्याने म्हणत होतो, डोळे पुस्तकात. वांदरं कधी आली कळलं नाही. दोन चादरी साफ. एक मोठं कठड्यावर बसून माझ्याकडेच बघत खात होतं.
आई: "तू त्याईले बोलावत होता का मंतर म्हनून?"
मी: स्वीडिश होती.
आई: "मंग तं समजलीच असंन त्याईले. सारे आले."
तरी दुपारी तिने स्वतःच विचारलं, थ्या पोरीनं पुढं काय देल्लं? सांगितलं: स्वतःचं नाव. आई रिकामी चादर झटकू लागली. मग म्हणाली, "बाईनंच लिहिलं असंन हे." बरोबर ओळखलं.

रविवार, १३ मे
आज गेलो नाही, रविवारी दुपारची बस नसते. पुढची प्रकरणं तयार केली. प्र. ११ पाशी थांबलो.

शेवटच्या खेपेला आल्वाकडे द्यायला काही उरत नाही. तेव्हा मात्स नावेतून उतरतो आणि पल्याडच राहतो. नाव ढकलून देतो. ती ओरडते, तो हात हलवतो, धुकं येतं. पुढे तो परत येत नाही. पुढच्या तिन्ही प्रकरणांत त्याचं नाव नाही. मी शोधलं.

एखादा शब्द चुकीचा लागला असेल म्हणून दोन्ही कोश पुन्हा पाहिले. अर्थ तोच निघाला.

गजूच्या कादंबऱ्यांत असं होत नाही. तिथे मेलेला माणूस पुढच्या भागात दाढी काढून परत येतो. पण खरं सांगायचं तर त्या पाच भागांपेक्षा ही सहा पानं मोठी आहेत. एवढं साधं लिहिणं मला या जन्मात जमायचं नाही.

मंगळवार, १५ मे
प्र. १० झालं. उद्या प्र. ११. रात्री आईची पोथी चालू होती. ती उगाच दोन पानं पुढे वाचत राहिली. जेवण थांबलं म्हणून विचारलं. म्हणाली, "बंदीत कोनी हाये तवर पोथी मिटू नाई. मरनावर तं बिलकुल नाई. सुटका झाली का मिटाची." हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण आज वेगळं ऐकू आलं. म्हातारं माणूस कायमचं परदेशी निघालेलं, आणि मी त्याच्यापुढे कुणी पल्याड राहून गेल्याचं वाचणार. प्रवासाआधी असं कानावर घालतात का?
आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग थे सोड. तिले काय दिसते?"

बुधवार, १६ मे
सोडलं. प्र. १० च्या शेवटाची उजळणी केली आणि थेट प्र. १२. नाव किनाऱ्याला लागते, बर्फाला पहिली चीर जाते. आज एकदाही अडखळलो नाही. आजी काही बोलल्या नाहीत. एन गोंग तिल पण नाही. ताक दिलं. मी ताक म्हटलं. त्या हसल्या नाहीत, की मलाच तसं वाटलं.

शनिवार, १९ मे
दोन दिवस आजींनीच येऊ नको म्हणून निरोप पाठवला होता, सामान आवरणं चालू होतं. आज प्र. १३ उघडलं. चार ओळी झाल्या असतील.
"बापू."
जी.
"मात्सले कुठं सोडून आला?"
मी पुस्तक मांडीवर ठेवलं. पोथीचं सांगितलं. आईचं सांगितलं. प्रवासाचं सांगितलं.
त्या म्हणाल्या, "पुस्तक मले पाठ हाये रे. थ्याच दिवशी समजलं. म्हटलं, पाहू, हा सांगते का." मग खिडकीकडे तोंड केलं. "हे दरवर्षी थेच वाचून दाखवत होते. थंडीत, शेगडीपाशी. आता हे इथं राह्यतीन अन् मी जाऊन राह्यलो. मले दुसरं काईच आयकाचं नव्हतं. थेच आयकाचं होतं."
सोमवारी वाचतो म्हणालो.

एवढी वर्षं घंटा वेळेवर वाजवली, पुस्तकं नंबराप्रमाणे लावली. आणि जे करायचं तेच सोडून आलो.

सोमवार, २१ मे
जाऊ शकलो नाही. ऊन लागलं. ताप. आईने तळपायांना कांदा चोळला, दर तासाला पन्हं. अक्षरं हलतात.

मंगळवार, २२ मे
गजू पाहायला आला, सहावा भाग घेऊन. उशाशी बसून पहिलं पान त्यानेच वाचून दाखवलं, सगळी पात्रं एकाच आवाजात. ताप असूनही हसलो. जाताना म्हणाला, "मरू नको बे, भाडं कोन देईन?" मग दारातून वळून: "थ्या म्हातारीले मी निरोप पाठवला. वडनेरच्या दूधवाल्यापाशी. पोरगा बिमार हाये, येईन म्हना." मी सांगितलं नव्हतं. गजूबद्दल मी काही वेळा वाईट लिहिलं असेल मागच्या वह्यांत. इथे चांगलं लिहून ठेवतो.

गुरुवार, २४ मे
उठलो, गेलो. भाचा आला आहे. नाव लार्स. एवढा उंच की आजींच्या दारात वाकून आला, उन्हाने लालबुंद. मी धीर करून स्वीडिशमध्ये स्वागत केलं. तो आधी दचकला, मग भरभर बोलला, एक शब्द कळला नाही. मग हळू बोलला. आजी खूप हसल्या. "म्हनते, तू याच्या पंजोबासारखा बोलते." असणारच. एक जुनं पुस्तक आणि एक जुनी बाई, यांच्यापलीकडे स्वीडिश मी ऐकलेलीच नाही. पण चिडवलं नाही त्याने. हात दोन्ही हातांत धरला.
वाचायचं म्हटलं तर तो म्हणाला, पेट्या बांधायच्या आहेत. आजी: "उद्या. दुपारी. कोनी मंधात येजो नको." हे मराठीत म्हटलं तरी त्याला कळलं.
परवा सकाळी गाडी येणार, नागपूरहून विमान.

शुक्रवार, २५ मे
वाचलं.
आजी लिंबाखाली बसल्या, दगडाजवळ. म्हणाल्या, इथंच वाच. वारा गरम. सहा पानं. उच्चार चुकले असतील, कुणी थांबवलं नाही. मात्स उतरतो तिथे आजींचे ओठ माझ्यासोबत हलत होते, माझ्यापेक्षा एक शब्द पुढे. मी वेग कमी केला, मग त्यांचंच ऐकून म्हणत गेलो. धुक्याच्या ओळीला लार्स मागच्या दारात येऊन उभा होता. आत गेला नाही.
संपलं. मी लगेच प्र. १२ चं पान काढलं.
"मीट."
आजी, इथे मिटत नाहीत.
"मीट म्हटलं ना."
मिटलं.
घरी आईला सांगितलं. ती पोळी लाटायची थांबली. "थ्याच्यावरच मिटली? मंग थे बाई आता जात नाई, पाह्य." मग म्हणाली, "सकाळी जाय. निघाच्या आंधी पुढच्या चार ओळी वाच. तिनं आयकल्या तं आयकल्या."

शनिवार, २६ मे. वडनेर, आजींच्या ओट्यावर
पहिल्या बसने आलो. गाडी आधीच उभी होती. पेट्या टपावर बांधलेल्या, ड्रायव्हर दोरी पुन्हा पुन्हा ओढून पाहत होता.
आजी लिंबाखाली खुर्चीत. पायात काही नाही. जोडे लार्सच्या हातात.
लार्स माझ्याकडे आला आणि हळू, माझ्यासाठी एकेक शब्द सुटा करून बोलला. सगळं समजलं, कोशाशिवाय, पहिल्यांदाच. ती म्हणते, तिला यायचं नाही. तिला विचार, खरंच का. मला ती जास्त काही सांगत नाही.

मी जवळ जाऊन बसलो. आजींनी हात पुढे करून पिशवी चाचपली, पुस्तक आहे का पाहिलं. म्हणाल्या, "वाचशीन?" मी विचारायचं ते विचारलं नाही. प्र. १२ काढलं. नाव किनाऱ्याला लागली तिथपर्यंत वाचलं. त्या म्हणाल्या, थांब, जरा पाणी आन.
पाणी आणून दिलं. ड्रायव्हरने गाडी बंद केली, त्यालाही पाणी हवं आहे.

आईने म्हटलं म्हणून होतं आहे का हे? की मी काल वाचलं म्हणून? की त्यांनी हे कधीच ठरवून ठेवलं होतं आणि मला ठाऊक नव्हतं? विमान चुकलं तर लार्स मला काय म्हणेल? त्यांच्या डोळ्यांकडे इथे कोण पाहणार, मी शाळा सुरू झाल्यावर रोज येऊ शकत नाही. तिथे थंडी, तिथे त्यांची माणसं. इथे दगड.

लार्स परत ओट्याकडे येतो आहे. त्याला काय सांगायचं ते स्वीडिशमध्ये जुळवतो आहे. शब्द सगळे येतात. जाणार की नाही, ते आजींनी मला अजून सांगितलेलं नाही.