यंदाची गौर

लिमरिक, आयर्लंड,
ऑगस्ट २०२१

प्रिय शर्वाणी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. लेटरकेनीचा पत्ता पद्मिनीकडून घेतला. तुझ्या काकूवर रागावू नकोस. तिथल्या वृद्धाश्रमात तुला काम मिळालं हे ऐकून बरं वाटलं. इथे सगळं ग्रँड, म्हणजे ठीक आहे, असं आपली शेजारीण नोरा म्हणते. तिचा गुडघा मोडला तरी ती तेच म्हणेल. माझं जेवणाचे डबे पोचवणं चालू आहे. कुंडीतला तेरडा यंदा छान फुललाय.

तू शिकायला आलीस तेव्हा दर रविवारी यायचीस, माझ्या आमटीला नावं ठेवायचीस आणि दोनदा वाढून घ्यायचीस. मग लॉकडाऊन लागला, रेस्टॉरंटमधलं तुझं काम गेलं. कुठेतरी रात्रपाळी मिळाली म्हणालीस. कसली, ते मी विचारलं नाही. नदीकाठच्या त्या जुन्या विटांच्या घराचा मालक भाड्याऐवजी काय मागत होता आणि पुढे कुणाकुणाला तुझ्या दाराशी आणत होता, हे तू यंदा मार्चमध्ये पद्मिनीला सांगितलंस. त्यानंतर कित्येक दिवस देवापुढे बसलो की माझ्या तोंडून स्तोत्र फुटेना.

तुझं नाव न घेता नोराकडे त्या घरांचा विषय काढला. ती म्हणाली, तिच्या पणजीच्या काळी तिथे सैनिक यायचे आणि खेड्यांतून उपाशी आलेल्या पोरी दारात उभ्या असायच्या. नोराच्या घरातलीही एक होती, ब्रिजेट. तिला कुणी परत बोलावलंच नाही. तिला कुठे पुरलं, तेही आज कुणाला ठाऊक नाही.

गेल्या वर्षी गौरी आल्या तेव्हा पद्मिनीने तेरड्याची गौर तुझ्यापुढे धरली आणि तू हात मागे घेतलेस. मला वाटलं, तुझी अडचण असेल. पुरुषाने त्यावर बोलू नये, या गावाकडच्या वळणाने मी मुकाट्याने तुझं पान स्वयंपाकघरात वाढलं. तू तिथे एकटी जेवलीस, ताट घासून ठेवून गेलीस. पोरी, तू स्वतःलाच विटाळ समजत होतीस, आणि मी तुला खरंच बाजूला बसवलं!

एनिस गावच्या शोभनाताईंच्या कानावर काहीतरी गेलंय. ती मुलगी येणार असेल तर आम्ही हळदीकुंकवाला येणार नाही, असं त्यांनी फोनवर सांगितलं. पद्मिनी त्यांना म्हणाली, बरं झालं, एवढ्या पुरणपोळ्या लाटायच्या वाचल्या. तेव्हापासून दोघींचा अबोला आहे.

आता पत्राचं कारण. बारा सप्टेंबरला, रविवारी, गौरी येताहेत. आपल्याकडे गौर घरच्या लेकीने आणायची असते. आम्हाला लेक नाही, म्हणजे तू येईपर्यंत नव्हती. तू आली नाहीस तर तेरडा कुंडीतच राहील. दुसऱ्या कुणाच्या हाती मी तो देणार नाही, मग आमच्या घरी यंदा गौर नसली तरी चालेल. कुंकवाची पावलं मी दारापासून काढून ठेवीन. पद्मिनी तुझ्या पायांवर पाणी घालेल आणि विचारेल, गौर कशाच्या पावलांनी आली? सोन्याच्या, असं म्हणायचं असतं. तुझ्या तोंडून ते निघालं नाही तर नुसती आत ये. मी आतून म्हणेन, रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

वाट बघणारा, तुझाच
गोविंदकाका