शेवटच्या दोन ओळींचा आवाज

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय ध्वनिमुद्रण (आता निवृत्त), हे मृत्युपत्र स्वतःच्या टेबलावर बसून स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कान ठिकाणावर आहेत, याची हमी मीच देतो. मला कोणी धमकावलेले नाही की भरीला घातलेले नाही. पुढच्या महिन्यात हृदयाची शस्त्रक्रिया ठरली आहे, म्हणून घाई. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली नव्हती.

कलम १. सलूनच्या वरच्या मजल्यावरील माझे दोन खोल्यांचे घर माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावे. मधली भिंत पाडायची तिची फार दिवसांची इच्छा आहे. खुशाल पाडावी. मी आड येणार नाही.

कलम २. बँकेतील ठेवही तिलाच. पासबुक कुठे असते हे तिला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

कलम ३. माझ्याकडील रेकॉर्डी. ज्या गायकाला सगळे ‘सम्राट’ म्हणत, त्याच्या सर्व रेकॉर्डी टेलरमास्तरांना आणि ज्याला ‘हळवा’ म्हणत, त्याच्या रेकॉर्डी सलूनच्या मालकांना. या मी हयातीतच देऊन टाकत आहे, कारण या दोघांनी साक्षीदार व्हावे अशी माझी इच्छा आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये असे वकील सांगतात. रेकॉर्डींची अदलाबदल होऊ देऊ नये. दोघेही फेकून मारतील.

त्याचे कारण असे. गेली पंचवीस वर्षे दर रविवारी सकाळी आम्ही तिघे सलूनमध्ये एकाच प्रश्नावर भांडत आलो आहोत: पुरुष गायकांत सर्वांत थोर आवाज कोणाचा? सलूनवाले हळव्याचे. ते म्हणायचे, “त्याचा गळा भरून येतो, तसा आपलाही येतो. आणखी काय पाहिजे?”

“गळा भरायला सर्दीही पुरते,” टेलरमास्तर म्हणायचे. “आवाज सम्राटाचा. खालच्या सुरात गेला की खुर्ची हादरते.”

“ळ तरी म्हणता येतो का त्याला? आभाळाला आभाल म्हणतो!”

इथे टेलरमास्तर हुकमाचे पान काढत. “ते आभाळाचं गाणं शेवटपर्यंत ऐका. शेवटच्या दोन ओळी. ळ कसा खणखणीत आणि आवाज कुठल्या कुठे जातो! मनात आणलं तर हा माणूस काय करू शकतो, त्याचा तो पुरावा. आणा दुसरा कोणी तसं गाणारा.”

मग दोघे माझ्याकडे पाहत, कारण ते गाणे मी ध्वनिमुद्रित केले होते. मी म्हणायचो, “गाणं चांगलं झालंय.” पंचवीस वर्षे माझे एवढेच उत्तर होते.

कलम ४. टेप कापायची ब्लेडे, जोडकामाची पितळी पट्टी आणि हेडफोन कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला द्यावेत. त्या पट्टीवर मी काय केले ते त्यालाही कळू द्यावे.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी त्या गाण्याच्या दिवशी सम्राट यायला दुपार झाली. वादक सकाळपासून बसून होते. म्हणून संगीतकारांनी तालमीसाठी कोरसमधल्या एकाला माइकपुढे उभे केले. तो माझा धाकटा भाऊ. वय सव्वीस. त्याने अख्खे गाणे एका दमात म्हटले. सवयीने मी टेप चालू ठेवला होता. त्याची शेवटची ओळ संपली तेव्हा व्हायोलिनवाले वाजवायचे विसरून त्याच्याकडे पाहत होते.

दुपारी सम्राट आले. घसा बसलेला, दुसऱ्या दिवशी पहाटे परदेशी जायचे विमान. शेवटचे कडवे चारदा घेतले आणि चारही वेळा वरच्या सुराला आवाज फाटला. “बघा काय करता येतं ते,” म्हणून ते निघून गेले. संगीतकार काचेपलीकडून माझ्या खोलीत आले.

“सकाळचा टेप पुसलास?”

“नाही.”

“मग कसली वाट बघतोयस? वाद्यं तीच, लय तीच. शेवटच्या दोन ओळी सकाळच्या घे.”

“पण आवाज...”

“आवाज कुणाला कळतोय? नाव कळतं.”

धाकटा दारातच उभा होता. त्याला ते म्हणाले, “पुढचं गाणं तुझं. छापील नावासकट.” त्याचा चेहरा उजळला. मी ब्लेड हातात घेतले. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत सफाईदार जोड आहे. आजही कानाला लागत नाही. सकाळच्या टेपवर जी जागा रिकामी झाली, तिथे मी तेवढ्याच लांबीची कोरी पट्टी जोडली आणि तो टेप पत्र्याच्या डब्यात ठेवून दिला. पुढचे गाणे धाकट्याला कधीच मिळाले नाही. सम्राट एकदा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “छान जोडलंस.” पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. आता तेही नाहीत आणि संगीतकारही नाहीत. त्यांच्याशी माझे भांडण संपले आहे. माझे माझ्याशी आहे ते पुढच्या कलमात.

कलम ५. यात द्यायला काही नाही. फक्त सांगायचे आहे.

तीन वर्षांनी त्याच गाण्यासाठी सम्राटांचा सत्कार झाला. भरल्या सभागृहात मागच्या रांगेतून धाकटा उठला आणि म्हणाला, “शेवटच्या दोन ओळी माझ्या आहेत. माझ्या भावाला विचारा.” लोक हसले. दुसऱ्या दिवशी आमच्या रेकॉर्ड कंपनीने आम्हा दोघांना बैठकीच्या खोलीत बोलावले. लांब टेबल, एका टोकाला मोठे मॅनेजर, समोर रेकॉर्ड लावायचे यंत्र. त्यांनी त्या दोन ओळी वाजवल्या आणि मला विचारले, “हा तुमच्या भावाचा आवाज आहे का?”

आम्ही राहत होतो ते घर कंपनीचे होते. लेक तिसरीत होती. निघताना बायको एवढेच म्हणाली होती, “तोंड सांभाळून बोला.” मी ‘नाही’ म्हणालो.

धाकट्याचे नाव कोरसमधून कापले गेले. खोटारडा म्हणून ते सगळ्या स्टुडिओंत फिरले. शेवटी त्याला बसस्थानकावर घोषणा करायचे काम मिळाले. अमुक गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे, हे तो तीस वर्षे सांगत होता. मी सहा महिन्यांत मुख्य ध्वनिमुद्रक झालो. बसस्थानकावरून जायची वेळ येऊ नये म्हणून मी लांबच्या रस्त्याने जायचो. एकदा नाइलाजाने गेलो, तेव्हा बाया-माणसे सामान खाली ठेवून भोंग्याकडे पाहत उभी होती. गाडीची घोषणा होती, पण माणसे गाणे ऐकावे तशी ऐकत होती.

कलम ६. तो पत्र्याचा डबा टेपसह माझ्या मृत्यूनंतर धाकट्याला द्यावा आणि वरील कलमे ४ व ५ लेकीने वर्तमानपत्रांकडे पाठवावीत.

इथपर्यंत लिहून मी थांबलो आणि कागद घेऊन धाकट्याकडे गेलो. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. दार त्याच्या बायकोने उघडले. “आहेत,” म्हणाली. “या” म्हणाली नाही. तो चपलेचा तळ चिकटवत बसला होता. त्याने हात पुसले आणि उंबऱ्याशी उभा राहून सगळे वाचले. मी बाहेरच होतो.

“तू गेल्यावर छापायचं हे?”

“हो.”

“तोवर मी काय करायचं? तुझ्या मरणाची वाट बघायची?”

“ऑपरेशन आहे माझं. पुढच्या महिन्यात.”

“म्हणजे तारीखही धरून आलास.” त्याने कागद घडी करून माझ्या खिशात कोंबला. “खोटं बोललास ते चारचौघांत, जिवंतपणी. खरं मात्र मेल्यावर, कागदावर. तोपर्यंत सगळे तुला भला माणूसच म्हणणार. नको मला तो डबा.”

दार त्याने आपटले नाही, सावकाश लावले. त्यापेक्षा आपटले असते तर बरे वाटले असते. सबब हे कलम रद्द.

कलम ७. त्यानंतरच्या रविवारी मी टेपचे यंत्र छातीशी धरून दोन जिने उतरलो. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितले होते. त्यांची क्षमा मागतो. सलूनमध्ये टेलरमास्तर खुर्चीत होते, अर्धा गाल झालेला, अर्ध्यावर साबण. मी टेप लावला.

गाणे ओळखीचे, आवाज अनोळखी. पहिले कडवे झाले, दुसरे झाले. शेवटच्या कडव्यात त्या दोन ओळींची जागा आली आणि यंत्रातून आवाज यायचा थांबला. कोरी पट्टी एकवीस सेकंदांची आहे. तेवढा वेळ सलूनमध्ये वस्तराही हलला नाही. प्रत्येक जण मनात त्या ओळी म्हणत होता, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होते. मग शेवटचे संगीत वाजले आणि मी सांगितले. बैठकीच्या खोलीतले माझे उत्तरही सांगितले.

टेलरमास्तर गळ्यातल्या टॉवेलसकट उठले. “तेव्हा खोटं बोललात की आत्ता?”

“तेव्हा.”

“पंचवीस वर्षं मी इथे त्या ओळींवरून भांडतोय. तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात! मजा बघत होतात माझी?”

“मजा नाही.”

“मग काय?”

सलूनवाले मध्ये पडायला गेले तर टेलरमास्तरांनी त्यांचा हात झटकला आणि म्हणाले, “कापलेला टेप कुणीही दाखवेल. पुन्हा लावा.” मी लावला. पहिल्याच कडव्यात ‘आभाळ’ शब्द आला आणि त्यांनी बोट वर केले. “थांबवा. परत.” तीनदा ऐकले. तोच ळ. सम्राटाला जन्मात न जमलेला, आणि टेलरमास्तर पंचवीस वर्षे पुरावा म्हणून सांगत आले होते तो. ते मटकन खाली बसले. मग साबण पुसून, अर्धी दाढी तशीच ठेवून त्यांनी मला विचारले, “कुठे राहतो तो?”

तासाभराने ते धाकट्याला घेऊन आले. काय बोलून आणले ते मला माहीत नाही, मी विचारलेले नाही. सलूनवाले अवघडून म्हणाले, “दोन ओळी म्हणून दाखवता का?”

“मी परीक्षा द्यायला आलेलो नाही,” धाकटा म्हणाला. “ऐकायला आलोय. लाव.”

‘लाव’ हे मला होते. तो आरशासमोर उभा राहून स्वतःचा सव्विसाव्या वर्षीचा आवाज ऐकत होता. आरशात आम्ही सगळे एकमेकांना दिसत होतो, पण कोणी कोणाकडे पाहत नव्हते. कोरी पट्टी आली तेव्हा त्याने डोळे मिटले. गाणे संपले. टेलरमास्तरांनाच धीर धरवेना. “फलाट क्रमांक सांगायचा तो तुमचाच आवाज ना?” त्यांनी विचारले. “मी चार-चार गाड्या जाऊ दिल्यात हो तुमच्यासाठी.” धाकटा हसला की काय, ते नीट कळले नाही. डबा मात्र त्याने काखेत मारला आणि गेला. म्हणून टेपची व्यवस्था या मृत्युपत्रात उरलेली नाही.

कलम ८. कलमे ४ व ५ यांची नक्कल मी सहीनिशी दोन वर्तमानपत्रांना आणि जुन्या कंपनीला पाठवत आहे, आजच, माझ्या हयातीत. कंपनीने दावा लावला तर तो मी अंगावर घेईन. मी नसलो तर लेकीने वकिलांना हा कागद दाखवावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. शस्त्रक्रियेतून मी उठलो नाही तर धाकट्याला निरोप द्यावा. तो येईल किंवा येणार नाही. त्याला कोणी गळ घालू नये, नात्याची आठवण करून देऊ नये.

दुरुस्ती. सही करण्यापूर्वी हा कागद मी आज दोघा साक्षीदारांना आणि धाकट्याला मोठ्याने वाचून दाखवला. त्याला निरोप धाडला होता. येईल असे वाटले नव्हते. तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होता. वाचून झाल्यावर म्हणाला, “कलम पाच चुकीचं आहे.”

“काय चुकलं?”

“तू ‘नाही’ म्हणाला नव्हतास.”

टेलरमास्तरांनी माझ्याकडे पाहिले.

“मॅनेजरने विचारलं,” धाकटा म्हणाला, “आणि तू माझ्याकडे बघितलंस. सरळ माझ्याकडे. आणि म्हणालास, ‘हा आवाज मी ओळखत नाही.’ तसं लिही.”

मला ते आठवत नव्हते, असे मी इथे लिहिणार होतो. ते खरे नाही. आठवत होते. सबब ‘मी नाही म्हणालो’ हे शब्द रद्द समजून कलम ५ मध्ये असे वाचावे: ‘मी माझ्या सख्ख्या भावाकडे पाहून म्हणालो, हा आवाज मी ओळखत नाही.’

दुरुस्ती लिहून कागद त्याच्या हातात दिला. त्याने ते वाक्य वाचले. पुन्हा वाचले. मग कागद टेबलावर नीट सरळ ठेवला, पेनाचे टोपण काढले आणि पेन माझ्यापुढे धरले.

“आता कर सही,” म्हणाला.

सही : (लिहिणाऱ्याची)

वरील मजकूर लिहिणाऱ्याने आमच्यासमोर वाचला, आमच्यासमोर दुरुस्त केला आणि मगच त्याखाली सही केली. सही करताना त्याचा हात कोणी धरलेला नव्हता.

साक्षीदार १ : टेलरमास्तर (सही)
साक्षीदार २ : सलूनचे मालक (सही)

स्थळ : राहते घर, बाहेरची खोली
दिनांक : ९ मार्च २०२२, बुधवार, सकाळी सव्वाअकरा